कडू तळ्यावर बापाला घेऊन

नकाशात ते नाही.
पंपावरचा पोरगा म्हणाला,
रूळ ओलांडले की पांढरा रंगवलेला टायर दिसेल,
तिथून डावीकडे, मग जिथे गवत संपेल तिथे.
टायर सापडला. रंग उडालेला.
पुढे साठ किलोमीटर रानदवण्याचा वास
आणि मागच्या सीटवर बाप,
गुडघ्यांवर उशी, उशीवर हात,
हातांवर भेगा, मिठाच्या कारखान्यातल्या.
एकतीस वर्षं त्याने पोती भरली.
खाल्ल्या मिठाला माणसानं जागावं म्हणतात.
मिठानं कुणाला जागावं, ते कुणी सांगत नाही.

माझं नाव उल्बोल्सिन.
आमच्या कझाकमध्ये त्याचा अर्थ, मुलगा होवो.
मी चौथी. माझ्यानंतर कुणीच झालं नाही.
शाळेत हजेरी घेताना रोज कुणीतरी
माझ्या नावाने दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारायचं
आणि मी हजर म्हणायचे.
अठ्ठेचाळीस वर्षांची झाले. सवय होते,
बूट चावतो त्याची होते तशी.

तळं आधी तळं वाटलंच नाही.
माळावर कुणी चादरी वाळत घालून
विसरून गेल्यासारखं काहीतरी.
उतरलो तेव्हा टाचांखाली कुरकुरलं.
काठावर सात-आठ माणसं, काळ्या चिखलात माखलेली,
एकाच्या हातात मोबाइल, तोही माखलेला.
कोण कुठला, कळत नव्हतं. बरंच होतं ते.

दामेतकेन म्हणून एक म्हातारी तिथली सगळं काही,
राखणदार, वैद्य, आणि गोड्या पाण्याची दुकानदार.
बादली दोनशे टेंगे.
तळं फुकट आहे, म्हणाली,
त्यातून बाहेर येणं तेवढं विकत.
विषम तारखेला यायचं.
डोकं बुडवायचं नाही.
आणि पाण्यात आजाराचं नाव काढायचं नाही,
त्याला वाटतं आपल्यालाच बोलावलं.
खरंच गुण येतो का, मी विचारलं.
तिने असं बघितलं, जणू मी
विहिरीला विचारलं होतं, ओली आहेस का.
"माझे सांधे इथेच गेले," ती म्हणाली,
"बादल्या उचलून."

बाप कपडे काढायला तयार होईना.
एखाद्या पुरुषाला बोलव, म्हणाला.
होता एक, तो उताणा घोरत होता.
मग मीच गुंड्या सोडल्या,
मीच त्याला काखेत धरून नेलं,
तो दुसरीकडे बघत राहिला, मी तिसरीकडे.
भेगांत पाणी शिरलं तसा ओरडला,
कारखान्यातल्या मुकादमाची शिवी, जशीच्या तशी,
इतक्या वर्षांनी.
जखमेवर मीठ ही नुसती म्हण आहे, असं मला वाटायचं.

मग पाण्याने त्याला उचललं.
कुणालाच बुडू देत नाही ते,
इतका हट्टी खारटपणा.
माझा एक हात त्याच्या मानेखाली होता, एक पाठीखाली.
एक काढला.
थोड्या वेळाने दुसरा.
ऐंशी किलोंचा माणूस, आणि ओंजळीत काहीच नाही.

वर एक घार होती. तिच्याकडे बघत तो म्हणाला,
"नाव मी नव्हतं ठेवलं. तुझ्या आजीनं ठेवलं.
मी नोंदवायला गेलो एवढंच."
घार गेली.
"कचेरीपर्यंत सात मैल होते. चालत गेलो.
वाटेत दुसरं एक सुचलंही होतं."
कुठलं, ते मी विचारलं नाही.
पाण्यात आजाराचं नाव काढायचं नाही,
दामेतकेनने बजावलं होतं.

दोन बादल्या घेतल्या. चारशे टेंगे.
तरी भुवयांत मीठ राहिलंच, कानामागेही.
गाडीत चढताना गुडघे तसेच कुरकुरले,
मी ऐकलं, त्यानेही ऐकलं.
टायरपाशी त्याने विचारलं, आज तारीख काय.
सतरा, मी म्हणाले.
रूळ ओलांडताना
पुन्हा विचारलं.